कण्याची चाल : एक प्रस्तावना

मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये जे काही वाहून न्यावयाचे असेल ते ज्या गावावरून पिढ्यान्‌पिढ्या गेले, त्या पनवेलात पाठीच्या कण्यावर लिहावयास निराळे निमित्त शोधावे लागत नाही. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईचा प्रवासी मचव्यातून खाडीने येथल्या बंदरास लागे, आणि येथून बैलगाडीने, मेण्यातून अथवा पायी, 1830 साली वाहनांसाठी खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने देशावर चढे. त्या रहदारीमुळेच गाडीची चाके घडविण्याचा धंदा येथे इतका भरभराटीस आला की कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात त्याची आवर्जून नोंद झाली. 1863 मध्ये घाटातून आगगाडी धावू लागली तेव्हा तिने कर्जतची वाट धरली आणि पनवेल बराच काळ आडबाजूस पडले खरे. परंतु 1989 मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, 1998 मध्ये हार्बरची लोकल येथवर आली, पुढे पुण्याच्या द्रुतगती मार्गाचा आरंभ कळंबोलीत झाला, आणि ओझ्याचा हा जुना व्यवहार पुन्हा, तोही पूर्वीपेक्षा किती तरी मोठ्या प्रमाणावर, या गावाच्या पदरी आला. फरक पडला तो ओझे वाहण्याच्या रीतीत. पूर्वीचा हमाल गोणी पाठीवर घेऊन चालत असे; आजचा चालक चाळीस फुटी कंटेनर मागे घेऊन तासन्‌तास एका आसनावर बसून राहतो, आणि त्याचा शेजारी, जो मुंबईच्या कचेरीत कारकुनी करतो, तो जाता-येता मिळून तीन तास लोकलच्या दांडीला लोंबकळून उरलेला दिवस खुर्चीत घालवितो. कंबर दोघांचीही धरते.

या पुस्तकाचा विषय कण्याची हालचाल, कण्यावर हाताने केला जाणारा कायरोप्रॅक्टिक नावाचा उपचार, आणि या दोहोंचा मनावरील ताणाशी व एकंदर आरोग्याशी असलेला संबंध, असा त्रिविध आहे. प्रस्तुत लेखक वैद्यही नाही आणि डॉक्टरही नाही. आयुष्यभर कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेल्यामुळे दाखला कोणता आणि बोलवा कोणती हे निवडण्याची जी सवय हाताला लागली, तेवढ्याच शिदोरीवर ही प्रस्तावना लिहिण्याचे त्याने कबूल केले. मोबाइलच्या पडद्यावर कोणी एक गृहस्थ दुसऱ्याची मान धरून क्षणार्धात काडकन वाजवितो, तो दुसरा गृहस्थ डोळे मिटून धन्य होतो, आणि हे दृश्य लक्षावधी लोक पाहतात, अशा काळात या विषयाची कैफियत कोणी तरी शांतपणे मांडणे अगत्याचे झाले आहे.

आरंभी कण्याचा तपशील सांगितला पाहिजे. मानवी पाठीच्या कण्यात मुळात तेहेतीस मणके असतात: मानेत सात, छातीच्या मागे बारा, कमरेत पाच, त्याखाली त्रिकास्थीचे पाच आणि माकडहाडाचे बहुधा चार. शेवटचे नऊ वयात येताना एकमेकांस जोडले जातात. म्हणून ज्यांना स्वतंत्र चाल आहे असे मणके चोवीस उरतात. त्यांपैकी मानेचे पहिले दोन सोडले तर प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते, आणि मागील बाजूस लहान सांध्यांची जोडी असते. मान सर्वांत अधिक वळते, छातीचा भाग फासळ्यांनी जखडलेला असल्यामुळे बेताने वळतो, आणि कमर पुढेमागे पुष्कळ वाकत असली तरी पिळली मात्र फारशी जात नाही. शरीराचा बहुतेक भार तिच्या खालच्या दोन मणक्यांवर उतरतो, म्हणूनच तक्रारीही तेथेच अधिक येतात.

यांत सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे ती चकती. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. तिचे पोषण आसपासच्या हाडांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर चालते, आणि ती झिरपण भार पडणे व भार उतरणे या आळीपाळीवर पुष्कळशी अवलंबून असते. रात्री आडवे पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात, दिवसा उभ्या भाराने दबतात. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळच्या उंचीहून सुमारे एक-दीड सेंटीमीटर अधिक भरते, ती याच कारणाने. पनवेलच्या गाडीवानाला चाकाच्या कण्याला बाहेरून ओंगण घालावे लागे, न घातल्यास कण्याची कुरकुर अर्ध्या कोसावर ऐकू येई; मनुष्याच्या कण्याचे ओंगण मात्र चालण्यातूनच निर्माण होते आणि थांबण्याने सुकते. बसून राहण्याला या पुस्तकात जो दोष दिला आहे तो बैठक वाकडी असते एवढ्यापुरता नाही. तीच बैठक, सरळ असली तरी, प्रहर-प्रहर बदलत नाही, हा खरा दोष आहे.

पाठीला हात लावण्याची विद्या आपल्याकडे परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुताने अस्थिभंग आणि सांधे निखळणे यांचे प्रकार व त्यांवरील उपचार सविस्तर सांगितले. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेला आयुर्वेदाने गृध्रसी हे नाव देऊन तिची गणना वाताच्या विकारांत केली. आणि अभ्यंगाची परंपरा तर घरोघरी चालत आलेली. येथेच, पनवेलात, कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 साली जी औषधशाळा काढली तिचे धूतपापेश्वर हे नाव महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या तोंडी आजही आहे, आणि महानारायण तेलाची बाटली पाठीशी न बाळगणारे जुने घर या गावात विरळाच. तालमीतले वस्ताद लचक काढीत, गावचा हाडवैद्य निखळलेला खांदा बसवी, न्हावी डोक्याच्या मालिशानंतर मानेला एक झटका देऊन दोन पैसे अधिक मागे.

आणि पायाळू माणूस. पायाकडून जन्मलेल्या माणसाने उसण भरलेल्याच्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही समजूत कोकणात आणि देशावरही सारखीच रूढ होती. लेखकाच्या लहानपणी आळीतील एका पायाळू काकूंकडे सकाळी-सकाळी माणसे येत, अंगणात पालथी पडत, आणि काकू एका हाताने भिंतीचा आधार घेऊन उजवा पाय त्यांच्या कमरेवर हलकेच दाबीत, तीनदा, वर-खाली. बरे वाटले असे सांगणारे पुष्कळ असत. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याचा उसणीशी काही संबंध असणे शक्य नाही, हे उघड आहे; परंतु कमरेची ताजी उसण बहुधा थोड्या दिवसांत आपोआपच उतरते, पाठीवरील दाबाने आखडलेला स्नायू सैलावतो, आणि कोणी तरी आपल्या दुखण्याची दखल घेतली या जाणिवेनेही कळ कमी होते, या तीन गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे काकूंची कीर्ती अगदीच निराधार नव्हती असे म्हणावे लागते. पुढे ज्या परदेशी विद्येचा विचार करावयाचा आहे, तिच्या यशाची रुजुवात घेतानाही या तीन रकमा आधी वजा कराव्या लागतात, म्हणून काकूंचा हा दाखला येथे दिला.

ती विद्या अमेरिकेत, आयोवा प्रांतातील डेव्हनपोर्ट या गावी, 1895 च्या सप्टेंबरात जन्मली, असे तिचे अनुयायी मानतात. डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ तेथे चुंबकीय उपचार करीत असत. ज्या इमारतीत त्यांची जागा होती तेथील झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड अनेक वर्षे बहिरा होता, आणि त्याच्या पाठीतला एक मणका जागचा सरकलेला आहे असे वाटून पामरांनी तो हाताने बसविला, तेव्हा त्याला ऐकू येऊ लागले, अशी ती कथा आहे. श्रवणाची नाडी कवटीतूनच मेंदूत जाते, पाठीच्या कण्यातून जात नाही, ही शरीररचनेची गोष्ट या कथेच्या आड येते. पण पामरांनी तीवरून एक सर्वव्यापी सिद्धान्त उभारला. शरीरात एक उपजत प्रज्ञा वाहत असते, सरकलेला मणका तिचा मार्ग अडवितो, आणि बहुतेक सारे रोग या अडवणुकीतून उद्भवतात, असा तो सिद्धान्त. 1897 मध्ये त्यांनी शाळा काढली. 1906 मध्ये परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल त्यांना तुरुंगात जावे लागले. 1913 मध्ये कॅन्सस प्रांताने या व्यवसायाला प्रथम कायद्याची मान्यता दिली. डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने या मंडळींवर बहिष्कार घातला होता, त्याविरुद्ध 1976 मध्ये दाखल झालेल्या फिर्यादीचा निकाल 1987 मध्ये कायरोप्रॅक्टिकवाल्यांच्या बाजूने लागला. मात्र तो निकाल व्यापारी स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. मणका सरकल्याने बहिरेपण येते की नाही याचा निवाडा त्या न्यायालयाने केला नव्हता, ही गोष्ट त्या निकालाचा हवाला देणारे बहुधा सांगत नाहीत.

आपल्या वाचकाला येथे एक धोका आहे आणि तो अमेरिकन वाचकाला नाही. मेरुदंड, त्यातून जाणारी सुषुम्ना, मुळाशी निजलेली कुंडलिनी, हे सारे आपल्या कानांवरून लहानपणापासून गेलेले असते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन ज्याने एकदा ऐकले आहे त्याला पामरांची उपजत प्रज्ञा ओळखीची वाटते, आणि ओळखीची वाटते म्हणून ती खरी वाटते. साधकाच्या अनुभवाचे वर्णन ही एक गोष्ट आणि रोगाच्या कारणाविषयीचा दावा ही दुसरी. पहिलीला पुरावा मागणे अरसिकपणाचे होईल, आणि दुसरीला पुरावा न मागणे धोक्याचे.

पुराव्याचा हिशेब आज काय निघतो तो थोडक्यात असा. मूळ सिद्धान्त, म्हणजे सरकलेल्या मणक्यातून सर्व रोग उद्भवतात हा, टिकलेला नाही, आणि त्या पंथातील पुष्कळ विचारी व्यावसायिकांनीही तो सोडून दिला आहे. 1998 मध्ये कॅनडात दम्याच्या मुलांवर खरा हस्तोपचार आणि नुसता बहाणा यांची तुलना करून पाहिली गेली, तेव्हा दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु कमरेच्या दुखण्याची गोष्ट निराळी आहे. अनेक चाचण्यांतून असे दिसून आले की हस्तोपचाराने कमरेला पडणारा आराम व्यायामादी मान्य उपचारांच्या तोडीचा असतो, त्याहून कमी नाही आणि फारसा अधिकही नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीविषयी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायाम, मर्दन, मानसोपचार यांच्या जोडीने मणक्यांवरील हस्तोपचारालाही, पुराव्याचे बळ बेताचेच असल्याची कबुली देऊन, जागा दिली. ज्याला पंथाभिमान नाही त्याने एवढ्यावर समाधान मानावे.

हस्तोपचारातल्या त्या काडकन आवाजाविषयीही येथेच सांगून टाकावे, कारण गिऱ्हाईक त्या आवाजाला भुलते. रुग्णाला कुशीवर निजवून, वरचा गुडघा वाकवून, खांदा एकीकडे आणि कटिभाग दुसरीकडे असा सांधा शेवटापर्यंत ताणतात, आणि तेथे अत्यंत जलद पण थोड्या अंतराचा एक धक्का देतात. सांध्याच्या पृष्ठभागांत अकस्मात अंतर पडल्याने आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि काड असा ध्वनी उमटतो. 2015 मध्ये बोटांच्या सांध्यांवर चुंबकीय छायाचित्रण करून ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष पाहण्यात आली. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण हाड जागचे हललेलेच नसते. आवाज न होताही तोच आराम पडतो.

आता मनाच्या ताणाचा प्रश्न, आणि या पुस्तकाचा तोच गाभा आहे. वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये दाखवून दिले की भय आणि क्रोध यांच्या प्रसंगी शरीर लढण्यास अथवा पळण्यास सिद्ध होते: हृदय जलद चालते, स्नायूंकडे रक्त वळते, पचन मंदावते, आणि हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये हीच सिद्धता दीर्घकाळ चालू राहिली तर शरीराची कशी झीज होते ते मांडले. हे सारे हुकूम ज्या अनुकंपी मज्जासंस्थेतून सुटतात तिच्या गाठींची साखळी मणक्यांच्या दोन्ही अंगांना लागूनच असते. मणके चाळवले की ताण उतरतो असे म्हणणाऱ्यांना शरीररचनेतील या शेजाराचा मोठा आधार वाटतो. शेजार आहे म्हणून व्यवहार सिद्ध होत नाही. हस्तोपचारानंतर माणूस काही काळ निवांत होतो हे खरे, परंतु तो तेलाच्या मालिशानंतरही होतो, आणि एवढ्यावरून रक्तदाब, मधुमेह अथवा निद्रानाश यांवर मणक्याची मात्रा चालते असे म्हणणे म्हणजे एका सातबाऱ्यावर सारा तालुका लिहून घेण्यासारखे आहे.

उलट दिशेचा प्रवास मात्र पुराव्याने भक्कम आहे: ताणाने पाठ दुखते, आणि दुखणारी पाठ ताणामुळे बरी होत नाही. अमेरिकेतील बोइंग विमान कारखान्याच्या तीन हजारांवर कामगारांची पाहणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की ज्यांना आपले काम जवळजवळ कधीच आवडत नाही, त्यांच्याकडून पाठीच्या तक्रारी येण्याचे प्रमाण, ज्यांना ते जवळजवळ नेहमीच आवडते त्यांच्या अडीच पट होते. पनवेल स्थानकात सकाळी साडेसातच्या लोकलसाठी उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिल्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कोणाचे खांदे कानांना भिडलेले, कोणाची हनुवटी मोबाइलकडे झुकलेली, दात दातांवर घट्ट. गाडीला दहा मिनिटे उशीर झाल्याची घोषणा होते तेव्हा मानेचे स्नायू अधिकच ताठतात, आणि संध्याकाळी तीच मान घरी अवघडून येते. त्या मानेचा उपचार मानेपुरता करून भागणार नाही; घराचा हप्ता, साहेबाची मर्जी आणि झोपेचे उरलेले पाच तास यांचीही त्यात गणना करावी लागेल. हस्तोपचार करणारा जर खरा जाणता असेल तर त्याने रुग्णाची झोप विचारली पाहिजे, आणि ती विचारण्यास त्याच्याजवळ वेळ असला पाहिजे.

दुखण्याहून दुखण्याचे भय अधिक नुकसान करते, हेही या विषयात वारंवार अनुभवास येते. पूर्वी कंबर धरली की डॉक्टर पंधरा-पंधरा दिवस फळीवर निजावयास सांगत. 1995 मध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरवर्गावर झालेल्या चाचणीत बिछान्यावर पडून राहणाऱ्यांपेक्षा आणि नेमून दिलेला व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, झेपेल तेवढा नेहमीचा व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. आज फळी गेली आणि तिच्या जागी एमआरआयचा लिफाफा आला. गृहस्थ तो बगलेत मारून येतात, चकती सरकली आहे हो, असे पडलेल्या आवाजात सांगतात, आणि त्या दिवसापासून नातवाला उचलणे सोडून देतात. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ मुळीच न दुखणाऱ्या 98 माणसांची अशीच छायाचित्रे घेतली, तेव्हा ज्यांच्या सर्व चकत्या निर्दोष होत्या अशी माणसे शेकडा 36 च निघाली. बाकीच्यांना आपल्या चकतीचा पत्ता नव्हता, म्हणून ती सुखाने नांदत होती. कमरपट्ट्याचीही तीच गत. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर निम्मे चालक पोटावर रुंद काळा पट्टा आवळलेले दिसतात. घामाने तो कडक झालेला असतो, वेलक्रो उसवलेले असते, आणि तरी तो काढून ठेवण्याचा त्यांना धीर होत नाही. ज्या 2023 च्या सूत्रांनी हस्तोपचाराला जागा दिली, त्यांनीच जुनाट दुखण्यात असा पट्टा नित्य वापरू नये, आणि वजने लावून कंबर ताणूही नये, असे स्पष्ट सांगितले आहे. चालकाने पट्ट्यावर विसंबण्याऐवजी दर दोन तासांनी खाली उतरून गाडीभोवती तीन फेऱ्या माराव्यात. परंतु माल वेळेत पोचविण्याचा तगादा लावणारा मालक त्याला तेवढी सवड देत नाही, हा दोष चालकाच्या कमरेचा नव्हे.

चालीची विद्या आपल्याकडे समृद्ध आहे आणि तिचे पीठ पनवेलपासून एक घाट चढले की लागते. लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी योगाभ्यासाची क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने परीक्षा केली, आणि निष्कर्ष आपल्या 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे हे धैर्य त्या काळी दुर्मीळ होते, आणि आजही फार सुलभ झालेले नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, तो आपल्या संस्थानातील शाळांपर्यंत पोचविला, आणि 1938 मध्ये त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. एका नमस्कारात कणा आळीपाळीने पुढे वाकतो आणि मागे वळतो. चकतीला जी भार-उतार हवी ती याहून कमी जागेत आणि कमी खर्चात देणारी दुसरी योजना लेखकाच्या पाहण्यात नाही. न्यूझीलंडमध्ये 1956 साली रॉबिन मॅकेन्झी या भौतिकोपचारकाचा एक रुग्ण डोक्याकडून उंच केलेल्या मेजावर चुकून पालथा निजला, पाठ मागे वळलेल्या स्थितीत काही मिनिटे तसाच राहिला, आणि उठला तो पायातली कळ नाहीशी होऊन. त्या योगायोगातून मॅकेन्झींनी जी पद्धत बसविली तिचे मुख्य आसन पाहून आपल्याकडील कोणीही म्हणेल की हे तर भुजंगासन. पनवेल तालुक्यात आषाढात भाताची लावणी चालते तेथे बांधावर उभे राहून पाहावे. बाई चिखलात पोटरीपर्यंत उभी, गुडघे जवळजवळ ताठ, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्याची तीन बोटे रोप खुपसीत एक-एक पाऊल मागे सरत असतात. आणि शेत संपून बांध आला की ती दोन्ही तळवे कमरेवर टेकून मागे रेलते, डोळे मिटते, एक दीर्घ श्वास सोडते. तिला हे कोणी शिकविलेले नसते.

मग हाताच्या उपचाराला जागा कोणती? लेखकाच्या मते ती मदतनिसाची आहे, मुखत्याराची नव्हे. कळेने जखडलेल्या माणसाला पहिले पाऊल टाकण्याचे बळ त्या हाताने येत असेल तर तो हात धन्य. परंतु दर आठवड्यास येऊन मणके बसवून घ्या, वर्षाचे पैसे आगाऊ भरा, असे सांगणारा माणूस रुग्णाला चालते करीत नसून आपल्या दाराशी बांधून ठेवीत असतो.

मानेच्या बाबतीत तर अधिक सावधपणा हवा. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात. जोराच्या पिळाने त्यांचे अस्तर फाटल्याची आणि त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. ती थोडी आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष त्या झटक्याचाच होता की धमनी आधीच फाटत होती म्हणून मान दुखत होती, याविषयी तज्ज्ञांत वाद आहे; तथापि केस कापावयास गेलेल्या माणसाने मान फुकट मोडून घेण्याचे कारण काय, हे लेखकाला उमगलेले नाही. आणि आपल्या देशात एक खास भय आहे जे डेव्हनपोर्टच्या पुस्तकांत तळटीपेपुरते येते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने 1779 मध्ये वर्णिलेला मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून हटलेला नाही. तो हळूहळू, साध्या पाठदुखीचे सोंग घेऊन येतो, आणि त्याने पोखरलेल्या मणक्यावर जोराचा धक्का बसला तर माणूस पायांनी कायमचा पंगू होऊ शकतो. तपासणीवाचून कण्याला धक्का देणे हा येथे अविचार नव्हे, अपराध मानला पाहिजे.

परंतु अपराध म्हणण्यास कायदा लागतो, आणि तो नाही. भौतिकोपचाराचे शिक्षण आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1953 मध्ये सुरू झाले, आता त्याचे पदवी शिक्षण पनवेलच्याच हद्दीत कामोठ्याला मिळते, आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने त्या व्यवसायाच्या नोंदणीची तरतूद केली. त्यातले कित्येक पदवीधर मणक्यांवरील हस्तोपचार रीतसर शिकलेले असतात. कायरोप्रॅक्टिकला मात्र भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. परदेशात चार-पाच वर्षे अभ्यास करून आलेला आणि आठवड्याच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आलेला, दोघेही सारखीच पाटी लावू शकतात. शासनाने या व्यवसायाची सनद कोणास द्यावयाची ते एकदा ठरवावे, आणि तोवर रुग्णाने पाटीवरच्या अक्षरांवर न जाता शिक्षण कोठे आणि किती वर्षे झाले ते तोंडावर विचारावे. विचारल्याचा राग येणाऱ्याच्या हाती मान देऊ नये.

वाचकाला विनंती एवढीच की त्याने उपचारांचे प्रकरण आधी उघडू नये. हालचालीचे आणि झोपेचे प्रकरण आधी वाचावे, त्यात सांगितलेले महिनाभर करून पाहावे, आणि मग वाटल्यास पुढे जावे. मात्र पाठीबरोबर ज्याला संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरते, रात्री निजल्यावर कळ वाढते, पायातील शक्ती कमी होत जाते, किंवा मांड्यांमधील जागा बधिर होऊन लघवी अडते अथवा नकळत होते, त्याने हे पुस्तक मिटून ठेवावे आणि रुग्णालय गाठावे. शेवटच्या दोन लक्षणांत तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.